मुक्यांना वाचा देणारा संपादक

निपाणीचे नाव निघाले की तंबाखूची आणि विड्यांची आठवण व्हावी हे साहजिक आहे. परंतु या गावाची आणखी एक आठवण जपून ठेवण्यासारखी आहे. एप्रिल १९२५ मध्ये येथे मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली होती. बेळगाव जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना पाय ठेवण्याची बंदी होती, ती माणसे येथे एकत्र बसली आणि आपल्या स्थितीचा उघड विचार करू लागली. अध्यक्षस्थानी होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. आंबेडकरांना सारे जग ओळखते. आम्हांला मात्र आज त्यांच्या जीवनाची एक वेगळी बाजू वाचकांपुढे ठेवायची आहे. ती म्हणजे वृत्तपत्र चालविणाऱ्या आंबेडकरांची.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी हे सैन्यात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत या मुलाला इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीने तो अमेरिकेत गेला, तेथून लंडनला गेला आणि मोठा विद्वान झाला. ही हकीकत सर्वांना ठाऊकच आहे.

जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करण्यासाठी आलेल्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. त्या वेळी मताचा हक्क मालमत्ता, सारा अशा अटींनी बांधलेला होता. साहजिकच अस्पृश्य समाज जवळजवळ पूर्णपणे त्याच्या बाहेर राहिला होता. हातात मत नाही आणि जवळ वर्तमानपत्रही नाही, अशा समाजाचे दुःख कोणाच्या कानी जाणार? प्रत्येक पत्र आपापल्या वर्गाचे हित पाही. इतरांच्या प्रश्नांना तेथे जागा अपवादानेच मिळे. बेळगावात १९१९ मध्ये बाबूराव ठाकुरांनी ‘तरुण भारत’ सुरू केला. ठिकठिकाणचे लोक आपापली मुखपत्रे उभी करीत होते. फक्त तळातला समाज मुका होता.

म्हणून ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. डॉ. आंबेडकर तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम या सरकारी कॉलेजात प्राध्यापक असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव छापले जाई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. उलट पुण्याच्या ‘केसरी’ने नव्या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्याचे नाकारले. समाज हा एका बोटीसारखा आहे, एका उतारूने दुसऱ्याच्या जागेला भोक पाडले तर त्यालाही बुडावे लागेल, हा विचार या पत्राने पहिल्याच अंकात मांडला.

त्याच वर्षी मार्च महिन्यात माणगाव येथे परिषद झाली. हे गाव कागल जहागिरीतले, निपाणीकडच्या मुलखाला जवळचे. शाहू महाराज स्वतः तेथे आले आणि या लोकांना आपला पुढारी मिळाल्याबद्दल त्यांनी आनंद व्यक्त केला. परंतु जुलैमध्ये डॉ. आंबेडकर अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले. मागे पत्राची आबाळ झाली आणि १९२३ मध्ये ते बंद पडले.

अशा वेळी एखादा मनुष्य निराश होऊन बसला असता. डॉ. आंबेडकर परत आल्यावर १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि दुसऱ्या वर्षी निपाणीची परिषद भरली. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यावर अनेक पत्रांतून टीकेची झोड उठली. उत्तर देण्यास स्वतःचे पत्र हवे होते. पंधरा दिवसांतच, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक बाहेर पडला.

या पत्राचा संसार कसा चालला होता, हे जाणून घेण्यासारखे आहे. पगारी मदतनीस ठेवण्याइतका पैसा नव्हता. चोवीस चोवीस रकाने संपादकाला एकट्याने लिहून काढावे लागत. वाचक गरीब, त्यांतही वाचता येणारा एखादाच. तो वाचून दाखवी आणि बाकीचे भोवती बसून ऐकत. वर्गणी वेळेवर येत नसे. १९२९ मध्ये हेही पत्र थांबले. आमच्यासारखे लहानसे मासिक चालविणाऱ्यांना हे वाचून आपलीच गोष्ट ऐकल्यासारखे वाटते. परंतु २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ निघाले आणि ते पुष्कळ वर्षे चालले. १९५६ मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. पत्र बंद पडले तरी काम बंद पडू द्यायचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

त्या कामाची फळे आमच्या भागातही दिसली. धारवाडला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. त्याची व्यवस्था पाहणारे बळवंतराव वराळे १९३७ च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे बेळगाव जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले. बारा वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्यात केवळ गाऱ्हाणी मांडली गेली होती, तेथून आता प्रतिनिधी कायदे करणाऱ्या सभेत जाऊन बसला.

डॉ. आंबेडकर वृत्तपत्रांचे आंधळे भक्त नव्हते. जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर व्याख्यान देताना त्यांनी पत्रकारिता हा धर्म न राहता व्यापार झाला आहे आणि पुढाऱ्यांची पूजा करण्यात ती गुंतली आहे, असे स्पष्ट बजावले. राज्यघटना स्वीकारली जाण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, त्यांनी घटना समितीलाही असाच इशारा दिला. राजकारणातील व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या घटनेने मालमत्तेची अट काढून टाकली आणि प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत दिले. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते. आणि योगायोग असा की, या निवडणुकीत मुंबईत खुद्द डॉ. आंबेडकर पराभूत झाले. त्यांनी दाद मागितली ती निवडणूक न्यायाधिकरणापुढे. तेथेही यश आले नाही. १९५४ मध्ये ते भंडाऱ्याहून पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. ज्या लोकांना त्यांनी मत मिळवून दिले, त्यांनी ते दुसऱ्याला दिले, तरी मताच्या हक्कावरील त्यांचा विश्वास ढळला नाही. आमच्या मते त्यांच्या थोरवीची खरी कसोटी येथेच लागली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकरांनी दिल्लीत देह ठेवला. सीमाभागातील माणसाला आपले म्हणणे ऐकून घेतले न जाण्याचे दुःख काय असते, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच आपल्याहून खालच्या पायरीवर ठेवलेल्याचे म्हणणे आपण तरी ऐकतो का, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला पाहिजे.

मत देऊन घरी आले की आपले कर्तव्य संपले असे आपण समजतो. मग पत्रात खोटे छापून आले तर दोन ओळी लिहून पाठविण्याचा आपण कंटाळा करतो. खरे सांगणाऱ्या पत्राची वर्गणी थकवितो. सभेचे बोलावणे आले तर दुसऱ्याला पाठवितो. निपाणीच्या परिषदेस आलेल्या माणसांपैकी बहुतेकांना ना मत होते, ना लिहिता येत होते. तरी ती आली. आपल्याजवळ आज दोन्ही आहेत.