सर वॉल्टर स्कॉट यांची सचोटी

आमचे विद्यार्थी सर वॉल्टर स्कॉट यांस ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीचे कर्ते म्हणून ओळखतात. परंतु व्यवहारांतील सचोटीचा जो धडा त्यांच्या चरित्रांत आहे, तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

स्कॉट यांचा जन्म १७७१ सालीं एडिंबरो येथें झाला. १७९२ सालीं ते वकील झाले व १७९९ सालीं त्यांस न्यायखात्यांत अधिकार मिळाला. पुढें ते बॅलंटाइन यांच्या छापखान्याचे गुप्त भागीदार बनले. ही गुप्तता न्यायाधिकाऱ्यास शोभणारी नव्हती, हें आम्ही लपवीत नाहीं. १८२६ सालीं त्यांचा प्रकाशक व छापखाना दोन्ही बुडाले. साध्या भागीदारींत पेढीच्या सर्व कर्जास प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. म्हणून सुमारें १,२०,००० पौंडांचा बोजा त्यांच्या शिरावर आला.

दिवाळें काढून मोकळें होण्याची वाट कायद्यानें खुली होती. ती त्यांनीं नाकारली. मिळकत विश्वस्तांच्या स्वाधीन करून लेखणीच्या बळावर पै न् पै फेडण्याचें त्यांनीं पत्करलें. त्याच वर्षीं पत्नी निवर्तली. पुढें पक्षाघाताचे झटके आले. तरी लेखन थांबलें नाहीं. १८३२ सालीं त्यांचा अंत झाला, तेव्हां बरेंच ऋण फिटलें होतें. बाकीचें मागाहून मुख्यत्वें त्यांच्या ग्रंथांच्या उत्पन्नांतून फिटलें.

मुलांनो, उद्यां तुम्हीही कोणाशीं भागीदारी कराल. सही करण्यापूर्वीं तिची जबाबदारी नीट समजून घ्या. आणि सही केल्यावर, कायदा सूट देत असला तरी, दिलेला शब्द पाळा.