बसता येत नव्हतं, तरी बाबा आमटे देशभर फिरले

वरोरा : बाबा आमटे उतारवयात एकतर उभे असायचे, नाहीतर पलंगावर आडवे. मानेच्या अन् पाठीच्या मणक्यांची इतकी झीज झाली होती की त्यांना बसताच येत नव्हतं. त्यांच्या आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं अशीच गेली.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. घरची जमीनदारी होती. नागपुरात कायद्याचं शिक्षण झालं आणि वरोऱ्यात वकिली जमली. पण मन तिथं रमलं नाही. सफाई कामगारांचे हाल कळावेत म्हणून त्यांनी डोक्यावरून मैल्याच्या पाट्या वाहिल्या. १९४६ मध्ये साधनाताईंशी लग्न झालं. पुढे १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती उभी राहिली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात आनंदवन आकाराला आलं. गावानं टाकलेल्या माणसांनी तिथं विहिरी खोदल्या, शेती पिकवली. बाबा त्यांच्यासोबत राबले.

पुढे याच शरीरानं दगा दिला. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. ती झिजली, सरकली की मज्जारज्जू किंवा त्यातून निघणाऱ्या नसा दाबल्या जातात. मानेत दाब आला तर हाताला मुंग्या येतात, हातातली वस्तू सुटते, चालताना तोल जातो. कमरेत आला तर कळ पायात उतरते, पाय बधिर होतो. दाब तसाच राहिला तर हातपाय लुळे पडू शकतात.

बाबांनी दुखणं अंगावर काढलं नाही. उपचार घेतले, कमरेला पट्टा बांधला, झोपून राहण्याची पथ्यं पाळली. मात्र काम सोडलं नाही. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा निघाली, तेव्हा त्यांनी वयाची ७१ वर्षं पूर्ण केली. तरुण मुलं सायकलवर अन् बाबा गाडीतल्या पलंगावर, असा तो प्रवास थेट काश्मीरपर्यंत झाला. १९८८ मध्ये दुसरी यात्रा अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातेत ओखापर्यंत गेली. १९९० मध्ये तर त्यांनी आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला मुक्काम हलवला. धरणात बुडणाऱ्या गावांसाठी ते तिथं वर्षानुवर्षं राहिले.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचं निधन झालं. वय ९३ होतं. इच्छेप्रमाणे तिथल्याच मातीत त्यांना दफन करण्यात आलं.

पोती उचलणाऱ्या, वाकून निंदण करणाऱ्या आपल्या भागात कंबरदुखी घरोघरी आहे. बहुतेकांची थोड्या आरामानं बरीही होते. पण हातापायातली ताकद कमी होऊ लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर पाठ तुडवून घेणं, मान मोडून घेणं बंद करावं आणि लवकरात लवकर डॉक्टर गाठावा. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांमधली जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावं. अशा वेळी सोंगणी संपायची वाट पाहू नये. दाबलेली नस वेळेत मोकळी झाली तरच ती सावरण्याची आशा जास्त असते.