कृष्णविवरे आणि काशीचे मराठी गुरुजी



गेल्या रविवारी मिस्सेनंतर दहावीच्या एका मुलाने मला कृष्णविवर म्हणजे काय ते विचारले. त्याला सांगताना एका मराठी शिक्षकाची आठवण झाली.

विष्णू वासुदेव नारळीकर यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूर येथे झाला. मुंबईला बी. एस्सी. होऊन ते केंब्रिजला गेले व गणितात रँग्लर झाले. परदेशात नाव कमावण्याची संधी समोर होती. परंतु पंडित मदनमोहन मालवीयांनी त्यांना बनारस हिंदू विश्वविद्यालयात बोलावले आणि १९३२ साली, पंचविशीच्या आतच, ते तेथे गणित विभागाचे प्रमुख झाले. पुढे १९६० पर्यंत ते तेथेच शिकवत राहिले.

आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद हा त्यांचा विषय. १९४२ साली प्रह्लाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण साठवलेल्या पैशावर, पत्नी व तान्ह्या मुलीसह काशीला आले. गुरुजींनी त्यांना मार्ग दाखविला. श्वार्झशिल्ड यांच्या १९१६ च्या गणितात ताऱ्याचा प्रकाश धरलेला नव्हता. प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण कसे असेल, याचे उत्तर वैद्यांनी १९४३ साली काढले. तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही.

वीस वर्षांनी क्वासार सापडले आणि ताऱ्यांच्या कोसळण्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले. सूर्याच्या सुमारे वीसपट किंवा त्याहून मोठ्या ताऱ्याचे इंधन संपले, की त्याचा गाभा स्वतःच्याच भाराने कोसळतो. त्यातून प्रकाशही सुटू शकत नाही. हे ताऱ्यापासून झालेले कृष्णविवर. दुसरे महाकाय. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सुमारे चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचे एक आहे. अशी महाकाय विवरे प्रथम कशी झाली, याचा शोध अजून चालू आहे. या दोहोंच्या मधली, शेकडो ते लाखभर सूर्यांच्या वजनाची, ती तिसरी. विश्वाच्या आरंभीच काही झाली असावीत, असाही तर्क आहे. पण ती सापडलेली नाहीत. कृष्णविवर वाढते किंवा घटते तेव्हाचे गणित मांडायला आज वैद्यांचे उत्तर जगभर वापरतात.

नारळीकर नंतर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, मग पुणे विद्यापीठात प्राध्यापक. १९९१ साली ते वारले. त्यांचे पुत्र जयंतराव यांनी पुण्यात आयुका उभारली. आपल्या खानदेशातील शिरपूरला १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर यांनीही कृष्णविवरांवर मोलाचे काम केले आहे.

कपाशी चार-सहा महिन्यांत हाती येते. शिकवलेले उगवायला कधी वीस वर्षे लागतात. आपल्या पिंप्राळ्यातही पुष्कळ शिक्षक आहेत. वर्गातला एखादा मुलगा वा मुलगी अवघड प्रश्न विचारील, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. घरी आईवडिलांनीही तसेच करावे. त्या दहावीच्या मुलाला मी पुढच्या रविवारी पुन्हा बोलावले आहे. त्याचे आणखी तीन प्रश्न शिल्लक आहेत.

आपला,
फादर