देहूचे दुकानदार तुकोबाराय

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून मंडळींनी चार शब्द लिहायला सांगितलं. माझं शिक्षण चौथी. कीर्तनात बोलतो तसंच लिहितोय, माउलींनी सांभाळून घ्यावं.

तुकोबारायांचं चरित्र कुणाला ठाऊक नाही? पण आपण बघतो ते वीणा घेतलेले तुकोबा. मला सांगायचेत ते तराजू धरलेले तुकोबा.

महाराजांचा जन्म देहूचा, शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८. वडील बोल्होबा, आई कनकाई. घर खातंपितं. गावची महाजनकी, पेठेत दुकान, शेती आणि सावकारीसुद्धा. थोरले बंधू सावजी विरक्त, त्यांनी धंदा नको म्हटलं. मग मिसरूड फुटायच्या आधीच सगळा कारभार तुकोबांच्या अंगावर आला आणि त्यांनी तो चोख चालवला. पुढं आईवडील गेले. सावजींची बायको गेली, ते तीर्थाला निघून गेले.

त्यात तो दुष्काळ पडला, १६३० च्या सुमाराचा. गुरं गेली, उधारी बुडाली, दुकानाचं दिवाळं निघालं. थोरली बायको रखमाई अन्नावाचून गेली. पाठोपाठ लेकरू गेलं, संतू.

मी बहात्तरचा दुष्काळ बघितलाय. मी पोरगा होतो. आई खडी फोडायला जायची आणि आम्ही सुकडी खायचो. त्या साली वडलांनी एका सावकाराच्या कागदावर अंगठा दिला. विहिरीजवळची दोन एकर गेली ती गेलीच. म्हणून पुढची गोष्ट कीर्तनात सांगताना माझा आवाज बसतो.

तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधत गेले आणि त्यांना घेऊन इंद्रायणीच्या काठी आले. तुकोबांनी घरातली कर्जाची खतं मागवली. गावातल्या कुळांनी लिहून दिलेले कागद ते. सगळेच नदीत सोडायचे होते. पण कान्होबा प्रपंची माणूस, त्यांना लेकरंबाळं. मग कागदांच्या दोन वाटण्या झाल्या. कान्होबांची वाटणी त्यांच्या हातात दिली आणि आपली तेवढी इंद्रायणीत सोडली.

माउली, इथं जरा थांबा. आम्ही कीर्तनकार ही वाटणीची गोष्ट घाईत उरकतो. भावाचा हिस्सा बुडवून दानशूर होणं सोपं होतं. महाराजांनी तसं केलं नाही आणि कान्होबांना कमीही लेखलं नाही. ज्या कुळांचे कागद पाण्यात गेले त्यांची नावं कुठं राहिली नाहीत. पण त्या रात्री त्या घरांतली माणसं नीट झोपली असतील, एवढं मी अनुभवावरून सांगतो.

पडलेलं विठ्ठलाचं देऊळ त्यांनी स्वतः माती मळून, भिंती रचून उभं केलं. वाटेनं थकलेला दिसला तर त्याचं ओझं घ्यायचं. आजाऱ्याला बघायचं. एका म्हातारीला बाजारातून तेल आणून दिलं, तर ते लवकर सरेना. मग साऱ्या गावानं आपापली भांडी त्यांच्या गळ्यात अडकवली! हसायला येतं, पण गाव असंच असतं. उसाची मोळी घेऊन निघाले तर वाटेत पोरांना वाटत आले आणि घरी पोचला एकच ऊस.

या सगळ्याचा भार जिजाईवर पडला. ती पुण्याच्या सावकाराची, अप्पाजी गुळव्यांची लेक. तिनं आपल्या नावावर कर्ज काढून नवऱ्याला पुन्हा व्यापाराला भांडवल दिलं. माल विकून पैसा झाला आणि येताना वाटेत एका नाडलेल्याला देऊन टाकला. आम्ही तिला कजाग म्हणून लोकांना हसवतो. मीही पुष्कळ वर्षं हसवलं. आता नाही हसवत. चूल तिलाच पेटवायची होती.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराज वैकुंठाला गेले. तेव्हा नारायणमहाराज जिजाईच्या पोटात होते. त्यांनीच पुढं १६८५ साली पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली.

प्रस्थानाच्या दिवशी स्नानाला इंद्रायणीत उतरलो की पायाला गाळ लागतो. मला ते कागद आठवतात आणि वडलांचा अंगठा आठवतो. तोवर वर टाळ सुरू झालेले असतात, मग मी धोतर पिळून धावत वर जातो.