सातबारा, समाजवाद आणि मिनू मसानी

घरातला सातबारा कधी नीट वाचलाय का? शिरूर अनंतपाळकडच्या बहुतेक घरांत तो कपाटात किंवा ट्रंकेत जपून ठेवलेला असतो, आणि भावाभावांत वाजतं तेही बऱ्याचदा त्याच्यावरूनच. आता समजा, उद्या कुणी सांगितलं की नाव तुमचंच राहील, पण जमीन एकत्र करून कसायची आणि तुम्हाला जमिनीच्या प्रमाणात वाटा मिळेल. तुमचे आजोबा काय म्हणाले असते?

जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अशा सहकारी संयुक्त शेतीचा ठराव खरंच झाला होता. त्याला विरोध म्हणून त्याच वर्षी राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला. अध्यक्ष झाले आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा आणि सरचिटणीस झाले मुंबईचे मिनू मसानी.

गंमत म्हणजे हे मसानी एकेकाळी कट्टर समाजवादी होते. जन्म १९०५ चा, मुंबईच्या पारशी घरातला. वडील सर रुस्तम मसानी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. पोरगा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला, लंडनला जाऊन बॅरिस्टर झाला आणि परत येऊन सत्याग्रहात उतरला. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायणांशी दोस्ती झाली आणि १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. रशिया तर त्यांनी दोनदा पाहिला होता.

मग स्टालिनने स्वतःच्याच जुन्या साथीदारांवर खटले चालवून त्यांना संपवल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मसानी हादरले. १९३९ मध्ये त्यांनी पक्ष सोडला. विचार करा, ज्या विचारासाठी तुरुंगात गेलो, तोच चुकला असं चारचौघांत म्हणायचं! आपण व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा माघार घेत नाही.

पुढे ते मुंबईचे महापौर झाले, टाटांकडे नोकरी केली, संविधान सभेत बसले. तिथे मूलभूत हक्कांच्या उपसमितीत हंसा मेहता आणि राजकुमारी अमृत कौर यांच्यासोबत त्यांनी समान नागरी कायद्यासाठी वेगळं मत नोंदवलं. लोक त्यांना उजवे म्हणत, पण हा उजवेपणा नेहमीच्या साच्यातला नव्हता.

स्वतंत्र पक्षही तसाच. २१ तत्त्वं ठरवली, बाकी विषयांवर सभासदांनी हवं तसं मत द्यावं. उद्योगाला, शेतीला सरकारी परवान्यांच्या जाचातून सोडवा, हा त्यांचा मुख्य हेका. १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा मिळवून तो सगळ्यात मोठा विरोधी पक्ष झाला. राजकोटहून निवडून आलेले मसानी लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले. त्या खुर्चीवर विरोधी पक्षाचा माणूस पहिल्यांदाच बसला.

पण राजे-महाराजे आणि उद्योगपतींचा पक्ष हा शिक्का काही पुसला गेला नाही. खोटाही नव्हता तो पूर्ण. संस्थानिकांच्या जोरावर गुजरात, राजस्थान, ओडिशात पक्ष वाढला, महाराष्ट्रात मात्र रुजला नाही. मलाही त्यांचं सगळं पटत नाही. रोजगार हमीवर दुष्काळ काढलेल्या मराठवाड्यात बसून सरकारने लांब राहावं असं म्हणायला जीभ रेटत नाही.

१९७१ च्या इंदिरा लाटेत पक्ष आठ जागांवर आला. मसानी स्वतः पडले. त्यांनी जबाबदारी घेतली आणि अध्यक्षपद सोडलं. १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विरून गेला.

माणूस मात्र विरला नाही. आणीबाणीत त्यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या छोट्या मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला. भलेभले गप्प होते तेव्हा हे सत्तरीतले गृहस्थ मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, खटला जिंकले! नंतर सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठीही त्यांनी संस्था काढली. १९९८ मध्ये ते गेले.

त्याआधी चार वर्षं, १९९४ मध्ये, शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला होता. नावातला ‘स्वतंत्र’ राजाजी-मसानींच्याच वारशातला. लातूर-नांदेडकडे शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला जपून ठेवलेले आजोबा अजून भेटतात. एखादे दिसले तर शेजारी बसा आणि नागपूरच्या त्या ठरावाबद्दल विचारून बघा. चहा थंड होईल, इतकं बोलतील.