ड्यूक ऑफ वेलिंग्टन : शत्रूचे लेकरू आणि स्वतःचे घर

वाचकहो, थोर म्हणून गाजलेल्या माणसाचे मोल रणांगणावर ठरते की उंबरठ्याच्या आत, हा विचार इतिहास वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही. ज्याच्या चरित्रात हा प्रश्न ठसठशीतपणे उभा राहतो, तो आर्थर वेलस्ली, म्हणजेच ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आपल्या मुलखाला परका नाही. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा ज्या अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला, त्याच अकोल्यातील अडगावच्या शिवारात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी त्याने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे १५ डिसेंबरला त्याच्या फौजेने गाविलगड घेतला आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा भोसल्यांचा हक्क संपला आणि हा मुलूख निजामाकडे गेला. आपल्या वाडवडिलांनी कोणाला सारा भरायचा, हे या परक्या सेनापतीच्या तलवारीने ठरवले.

आर्थरचा जन्म १७६९ मध्ये आयर्लंडमध्ये झाला. तेथील बहुसंख्य प्रजा कॅथलिक होती, तर जमीन आणि सत्ता पिढ्यान्‌पिढ्या तेथे स्थायिक झालेल्या मूठभर इंग्रज प्रोटेस्टंट घराण्यांच्या हाती होती. त्याचे घराणे अशांपैकीच एक. वडील गॅरेट हे उमराव असून संगीताचे जाणकार होते. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात ते संगीताचे प्राध्यापक होते. १७८१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि आर्थर बारा वर्षांचा असतानाच पोरका झाला. आई ॲन हिला या अबोल मुलाकडून फारशी आशा नव्हती. थोरला भाऊ रिचर्ड हाच घराचा आधार झाला.

पुढे आर्थर सैन्यात शिरला आणि आयर्लंडच्या संसदेतही बसू लागला. १७९३ च्या सुमारास त्याने किटी पॅकेनहॅम या उमराव कन्येला मागणी घातली. ज्याला स्वतःचे काही भवितव्य नाही, अशा तरुणाला तिच्या घरच्यांनी नकार दिला. तो सल उरात घेऊन तो १७९७ मध्ये हिंदुस्थानात उतरला. दुसऱ्याच वर्षी रिचर्ड येथे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि आर्थरचे दैव उघडले.

४ मे १७९९ रोजी टिपू सुलतान श्रीरंगपट्टणच्या तटावर शहीद झाला. पडलेल्या शहराचा कारभार आर्थरकडे आला. दुसऱ्या वर्षी त्याने धोंडिया वाघाचा पाठलाग केला. टिपूच्या राज्यात मलिक जहान खान हे नाव मिळालेला हा मराठा सरदार १० सप्टेंबर १८०० रोजी लढाईत मारला गेला. त्याच्या तळावरील सामानात सलाबत खान नावाचे त्याचे चिमुकले लेकरू सापडले. आर्थरने त्याला स्वतःच्या तंबूत नेले आणि त्याच्या पालनपोषणाची व्यवस्था केली. १८०५ मध्ये मायदेशी परतताना त्याच्यासाठी रक्कमही ठेवली. सलाबत खान पुढे म्हैसूरच्या राजाच्या चाकरीत लागला आणि १८२२ मध्ये पटकीने वारला. वाचकहो, यतिमाच्या डोक्यावरून हात फिरवण्याचे मोल आपण जाणता. मात्र त्या मुलाला यतीम करणाराही हाच हात होता, हे विसरून चालणार नाही.

मायदेशी परतल्यावर त्याने किटीला, भेटही न घेता, पुन्हा मागणी घातली आणि एप्रिल १८०६ मध्ये तिच्याशी विवाह केला. शब्द पाळला, पण मन जुळले नाही. १८०७ आणि १८०८ मध्ये आर्थर आणि चार्ल्स हे दोन पुत्र झाले. १८०९ च्या वसंतात तो नेपोलियनच्या फौजांशी लढण्यासाठी पोर्तुगाल आणि स्पेनकडे गेला, तो १८१४ पर्यंत एकदाही घरी आला नाही. मुले बापाच्या कीर्तीच्या सावलीत वाढली, सहवासात नाही. किटीने घरखर्चाची थकलेली देणी लपवली, हे त्याने कधी माफ केले नाही. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू जिंकणाऱ्याला स्वतःच्या घरातला अबोला मात्र जिंकता आला नाही.

१८२८ मध्ये तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला. कॅथलिकांना संसदेत बसू देणारा कायदा त्याने १८२९ मध्ये संमत करून घेतला. त्यासाठी राजाची नाराजी पत्करली आणि आरोप करणाऱ्या एका उमरावाशी पिस्तुलाचे द्वंद्वही केले. ज्या प्रजेवर त्याच्या वर्गाने राज्य केले, तिला तिचा हक्क त्याच्याच हातून मिळाला. सामान्यांचा मताधिकार वाढवण्यास मात्र त्याने ठाम नकार दिला आणि १८३० मध्ये सत्ता गमावली.

एप्रिल १८३१ मध्ये किटी अंथरुणाला खिळली, तेव्हा तो तिच्या उशाशी बसून राहिला. तिने पूर्वी दिलेला ताईत त्याच्या दंडाला आहे का, हे तिने बोटांनी चाचपून पाहिले आणि तो तेथेच होता, असे सांगतात. २४ एप्रिलला ती गेली. तिचे शव घरात असतानाच मताधिकार मागणाऱ्या जमावाने त्या घराच्या काचा फोडल्या. १४ सप्टेंबर १८५२ रोजी तोही गेला.

वाचकहो, शत्रूच्या लेकराला मायेने जवळ घेण्याइतके मन या माणसापाशी होते. ते स्वतःच्या घरात उघडायला त्याला पंचवीस वर्षे लागली. ताईत दंडाला होता, पण तिला ते शेवटी कळले. आपल्या घरी कोणी असे चाचपडत असेल, तर आजच बोला.