एक्सप्लेनर : ११:११ वाजता अडतो प्रोग्राम! ६१७४ शोधणारे कापरेकर मास्तर आणि पायथॉनमधील ‘एरर’ची गोष्ट

छत्रपती संभाजीनगर : शहागंजच्या घड्याळाच्या टॉवरखालून जाताना वेळ बघायला आता कुणी मान वर करत नाही, मोबाइलवरच बघतो. समजा मोबाइलवर १७:०५ वाजलेत. या चार अंकांची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या करा व वजा करा. ७५१० वजा ०१५७ म्हणजे ७३५३. पुन्हा तेच केलं की ४१७६ आणि तिसऱ्यांदा ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येणार. आता हेच ११:११ वाजता करून बघा. उत्तर शून्य. दिवसातून तीन वेळा, म्हणजे ००:००, ११:११ आणि २२:२२ वाजता ही गंमत चालत नाही.

हा नियम शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. आज पायथॉन शिकणाऱ्या मुलांना त्यांचा नियम सरावासाठी हमखास दिला जातो आणि बहुतेकांचा पहिला प्रोग्राम अडकतो तो नेमका या ११:११ वर.

कोण होते कापरेकर?

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाची आवड. त्यामुळे आकडेमोड घरातच होती. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यापुढचं शिक्षण नाही. १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षं देवळालीत शिकवण्यात गेली.

संशोधन चालायचं ते शाळा सांभाळून. ७०३ चा वर्ग ४९४२०९. त्याचे मधोमध दोन तुकडे करून बेरीज केली, ४९४ अधिक २०९, की पुन्हा ७०३. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ६१७४ त्यांना १९४६ मध्ये सापडला. भारतात पहिला संगणक यायला तेव्हा जवळपास दहा वर्षं बाकी होती. सगळं हातानं.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. मात्र, देशातल्या अनेक गणितज्ञांच्या लेखी हा आकड्यांचा खेळ होता, गणित नव्हे. कापरेकरांचं बरंचसं लेखन किरकोळ नियतकालिकांत आलं किंवा त्यांनी स्वतःच पुस्तिका छापल्या. ६१७४ वरचा लेख १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकी नियतकालिकात आला.

प्रोग्राम कुठे अडतो?

नियमात एक अट आहे : चारही अंक सारखे नकोत. ००००, ११११ पासून ९९९९ पर्यंत अशा दहाच संख्या आहेत. उरलेल्या ९,९९० चालतात, फक्त पुढचा शून्य सोडायचा नाही.

नवशिका ‘६१७४ येईपर्यंत वजाबाकी करत राहा’ एवढंच लिहितो. त्याला ११११ दिला की शून्य, मग शून्यातून शून्य, आणि हे थांबत नाही. पायथॉन एकही एरर दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं शून्य हे चोख उत्तर आहे. कापरेकरांची अट त्याला कुणी सांगितलेलीच नसते. ती प्रोग्राम लिहिणाऱ्यानं सांगायची, ‘रेझ’ हा शब्द वापरून : चारही अंक सारखे असतील तर ‘व्हॅल्यूएरर’ द्या आणि थांबा. याला एरर ‘उठवणं’ म्हणतात.

काही एरर पायथॉन स्वतःच उठवतो. वेळ मधल्या विसर्गासारख्या खुणेसकट, ११:१२ अशी दिली की आकडा करताना लगेच व्हॅल्यूएरर येतो. गंमत म्हणजे देवनागरीत ६१७४ लिहून दिला, तर मात्र तो बिनतक्रार घेतो.

खरा चकवा एक मिनिट पुढे, १११२ मध्ये आहे. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. कापरेकर इथे ०९९९ धरतात आणि पाचव्या पायरीला ६१७४ येतो. प्रोग्राम पुढचा शून्य गाळतो, ९९९ मधून ९९९ वजा करतो आणि पुन्हा शून्यात अडकतो. संख्या बरोबर, नियम बरोबर, चूक आपली आणि एरर नाही. अशी चूक सापडायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

त्यावर उपाय कापरेकरांच्या नियमातच आहे. चालणारी कुठलीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ला पोहोचते. म्हणून पायऱ्या मोजायच्या आणि आठवी सुरू झाली की ‘रनटाइमएरर’ उठवायचा. आपलं काहीतरी चुकलंय हे तिथेच कळतं.

एरर उठली, पुढे काय?

ती झेलायला ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ आहेत. बिघडू शकेल असा भाग ट्रायमध्ये, बिघडल्यावर काय करायचं ते एक्सेप्टमध्ये. व्हॅल्यूएरर आली तर वापरणाऱ्याला दुसरा आकडा मागता येतो, कारण चूक त्याच्या आकड्यात आहे. रनटाइमएरर मात्र झेलून गप्प बसू नये. ती आपल्या प्रोग्रामची तक्रार आहे. एक्सेप्टपुढे एररचं नावच न लिहिता ‘पास’ लिहून मोकळं होण्याची सवय अनेकांना असते. त्यानं स्क्रीनवरचा लाल मजकूर जातो, बिघाड तसाच राहतो. तो मजकूर आला तर घाबरून खिडकी बंद करू नका. शेवटची ओळ आधी वाचा, एररचं नाव आणि कारण तिथेच असतं.

दखल उशिरा

कापरेकर १९६२ मध्ये निवृत्त झाले. पेन्शन पुरेना. १९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेऊनही सत्तरच्या दशकात त्यांचे दिवस ओढाताणीचेच होते. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं. पायथॉन आला त्यानंतर पाच वर्षांनी, १९९१ मध्ये.

घरी करून बघायचं असेल तर दोन अंकांपासून सुरुवात करा. तिथे एकच उत्तर येत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असा फेरा चालू राहतो. तीन अंकांना ४९५ येतो.